अकरावी कळशी

आठवी कळशी ओतली गेली तेव्हा येसाजीने पुरे म्हणून हात वर करायला हवा होता. त्याने तो केलाही, पण डोकं खाजवायला.

"आठ!" पाणी ओतणारी ओरडली.

लग्नाच्या भाताचं पाणी मोजून, आणि मोठ्याने पुकारून ओतायचं, ही खारेपाटातल्या त्या गावाची पद्धत होती. पहिल्या कळशीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. पुढे दोन, तीन, चार. तेवढा वेळ वाजंत्री थांबायची, रडणाऱ्या पोरांच्या तोंडात गूळ जायचा, आणि नवऱ्याकडच्या बायका कान देऊन बसायच्या. कारण जुना तांदूळ पाणी पितो आणि नवा पीत नाही. येसाजीच्या तांब्याच्या टोपात जुना तांदूळ असला तर अकरा कळश्या लागत, यंदाचा असला तर आठ. आकडा कुठे थांबला त्यावरून या घरात गेल्या वर्षीची शिल्लक आहे की नाही, हे सोयऱ्यांना कणगीत डोकं न घालता कळायचं. दुसऱ्याच्या कणगीत डोकं घालणं बरं दिसत नाही. कान देणं चालतं.

"नऊ!"

येसाजीने मनुबाईकडे पाहिलं. मनुबाई म्हणजे नवरीची आई. नवरा जाऊन चार पावसाळे झालेले. पोरगी गोदू आज बोहल्यावर, आणि धाकटा सदू नाकातला शेंबूड पुसत मांडवभर हिंडतोय. सकाळी तिने तांदळाच्या गोणीचं तोंड सोडलं होतं आणि नवऱ्या मुलाच्या आत्याला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं होतं, "दोन वर्सांचा जुना हाय, भावजी. बिनघोर रांधा."

येसाजीने सवयीने एक दाणा दाताखाली धरला होता. जुना दाणा कट्‌कन तुटतो. हा तुटण्याआधी विचार करत होता. मऊ होता. दोन महिन्यांपूर्वी खळ्यावरून उठलेला होता.

गेल्या साली उधाणाने बांध फुटून मनुबाईच्या खाचरांत खारं पाणी बसलं होतं हे गावाला ठाऊक होतं. पण तिच्या कणगीत त्याआधीचा तांदूळ आहे, असं ती सांगायची आणि गाव मान डोलवायचं. कणगी तिने बाहेरून शेणाने सारवून अशी देखणी ठेवली होती की आत फक्त उंदीर आहेत आणि तेही कंटाळलेत, असं कुणाच्या मनात येऊ नये. ती कणगी पाहूनच रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या लोकांनी गोदूला मागणी घातली होती.

"दहा!"

मनुबाईने पदराचं टोक दातात धरलं होतं. नवऱ्याची आत्या ओठांनी आकडे मोजत होती.

"अकरा!"

वाजंत्री सुरू झाली. मनुबाईने पदर सोडला. येसाजीने टोपावर झाकण ठेवलं.

येसाजीविषयी सांगण्यासारखं तसं फार नाही. बांधाकडेला कुळाची दोन खाचरं, एक म्हैस, रंगू नावाची बायको, आणि बापाकडून आलेला लग्नाच्या भाताचा मान. त्या मानापायी त्याला दर लग्नात एक नारळ मिळायचा. स्वभावाने तो मऊ होता.

मऊ हा शब्द गावात पुष्कळ ठिकाणी वापरायचे. माघातलं सकाळचं ऊन मऊ, तान्ह्या पोराची टाळू मऊ. बांधाची माती मऊ लागली म्हणजे सगळ्या गावाला घोर. आंबा मऊ झाला की खायचा, बांगडा मऊ झाला की टाकायचा. जावई मऊ मिळाला तर नशीब काढलं म्हणायचे. तोच मुलगा असला तर वाया गेला. येसाजी यांपैकी नेमका कशातला, यावर गावात एकमत नव्हतं. एकदा त्याच्याच माडावर चढून एक गडी नारळ चोरत होता, तर हा खाली शिडी धरून उभा राहिला, पडेल बिचारा म्हणून.

रंगूचं मात्र मत पक्कं होतं. "तुमी म्हंजे लोनी," ती म्हणायची. "लोकं बोट घालून चाटतात न् वर सांगतात, मीठ कमी हाय."

पण त्या दिवशी तो आठव्या कळशीला गप्प राहिला तो नुसत्या मऊपणाने नाही. त्यात थोडी मिजासही होती. तीन कळश्या जास्त झाल्या तर झाल्या, उकळी फुटली की तांब्या-तांब्याने पाणी उपसू, फणसाच्या बुंध्याशी ओतू, वर केळीचं पान घालून निखाऱ्यावर जिरवू, आणि यंदाच्या तांदळाचा जुन्यासारखा भात काढून दाखवू, असं त्याच्या डोक्यात होतं. बापालासुद्धा हे जमलं नसतं, असंही होतं. सरळ टोप कलंडून जास्तीचं पाणी वेळून टाकायची सोय नव्हती, कारण वेळलेला भात आजाऱ्याचा. मानाच्या पंगतीला तो चालत नसे. म्हणजे जे करायचं ते गुपचूप.

उकळी फुटली. येसाजीने इकडेतिकडे पाहिलं, झाकण सरकवलं, तांब्या उचलला, आणि चुलाण्याशी काळूराम येऊन बसला.

काळूराम हा नवऱ्याचा चुलत आजोबा. तोंडात एकही दात नाही, डोळ्यांत मोतीबिंदू, अंगावर घोंगडी.

"ब्येस जलतंय," तो हात शेकत म्हणाला. "सुरूचं लाकूड काय?"

"आंब्याचं. आजोबा, धुरात कशाला बसता? मांडवात बसा की."

"मांडवात बायका हायेत. हितं ऊब हाय."

"डोळं चुरचुरतील."

"चुरचुरू दे. तसं बी त्यांना दुसरं काम न्हाय."

येसाजीने तांब्या पाठीमागे धरला.

"तांब्यात काय हाय?" मोतीबिंदूवाल्याने विचारलं.

"कायी न्हाय."

"मंग पानी आन. घसा सुकलाय पडावात बसून."

ज्याला पाणी कमी करायचं होतं, तो पाणी आणायला गेला. काळूराम अर्धा तांब्या प्यायला, मिशा पुसल्या, आणि उरलेलं चाचपडत टोपात ओतलं. "वाया कशाला घालवायचं," तो म्हणाला.

कुणी दुसरा असता तर म्हणाला असता, उठ म्हाताऱ्या. येसाजीकडे तसं वाक्य नव्हतं. त्याने चुलाण्यातलं एक लाकूड हळूच ओढून काढलं. काळूरामने ते परत आत सारलं. येसाजीने दुसरं काढलं. "जाल कमी झाला रे," म्हणत काळूरामने तेही सारलं, आणि मग आपल्या लग्नात टोप कसा उलटला होता ती हकीगत सुरू केली. ती लांब होती. हकीगतीतली नवरी तर अजून मांडवात यायची होती, इतक्यात टोपाच्या कडेने पांढरी खळ बाहेर यायला लागली.

झाकण काढलं तेव्हा आतली शितं एकमेकांच्या गळ्यात पडली होती, जणू काही गोदूबरोबर तीही सासरी निघाली होती.

पहिल्या पत्रावळीवर भात पडला तो थप्प असा आवाज करून. दुसरीवर पडेचना. वाढप्याने एकदा झटकलं, दोनदा झटकलं, तिसऱ्यांदा तो सुटला आणि शेजारच्याच्या आमटीत जाऊन बसला. पोरं खिदळली. मग बायका. नवऱ्याचा बाप हसला नाही. त्याने भाताचा गोळा उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला. गोळा हातात तसाच उभा राहिला.

"आमचं वऱ्हाड आजारी हाय असं कुनी सांगितलंय काय?" तो म्हणाला. "का ही बालंतिनींची पंगत हाय?"

"ब्येस झालाय!" पंगतीच्या टोकाकडून काळूराम ओरडला. "धा वर्सांत पयल्यांदा लग्नात जेवतोय! हिकडं वाढा अजून!"

यावर जे हसू झालं ते मांडवाबाहेर ऐकू गेलं. म्हाताऱ्याने तीनदा भात घेतला. तो मनापासून खुश होता, आणि त्याच्या प्रत्येक घासाला येसाजी चुलाण्याआड थोडाथोडा खाली बसत होता.

नवऱ्याची आत्या हसत नव्हती. तिने एक शीत बोटावर घेऊन चेपलं. "तांदूल जुना ना?" ती म्हणाली. मोठ्याने नाही. पण बायकांची बाजू एकदम गप्प झाली.

आता दोनच गोष्टी होत्या. एक तर तांदूळ खोटा, नाहीतर हात खोटा.

"रांधनाऱ्याला बोलवा," नवऱ्याच्या बापाने सांगितलं.

येसाजी धोतराला हात पुसत पुढे आला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. सगळा मांडव त्याच्याकडे बघत होता, बोहल्याशेजारून मुंडावळ्यांच्या आडून गोदूसुद्धा. त्याने तोंड उघडलं.

"काय केलंत हे, भावजी?" मनुबाई बोलली.  "माज्या पोरीच्या लग्नात? मी तुमच्या हातात दोन वर्सांचा तांदूल दिला न् तुमी त्याची खल केलीत? अकरा कलश्या सगल्यांनी ऐकल्या! तुमच्या बापानं जलमात असा भात केला नसता!"

शेवटचं खरं होतं.

येसाजीने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्या कपाळाकडे बघून बोलत होती, डोळ्यांकडे नाही.  आत्याचं बोट अजून चेपल्या शितावर होतं.

"हात चुकला, वहिनी," येसाजी म्हणाला. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण सगळे गप्प होते, म्हणून त्याने पुढे जोडलं, "वय झालं आता." त्याचं वय तेव्हा चाळीसही नव्हतं.

आत्याने बोट पत्रावळीला पुसलं. नवऱ्याच्या बापाने कुणाच्यातरी बापाचा उद्धार केला, आणि लग्न पुढे सरकलं. संध्याकाळच्या भरतीला वऱ्हाड गोदूला घेऊन पडावात बसलं. तेव्हा येसाजी खाडीच्या काठी वाळूने टोप घासत होता. पडाव त्याच्या समोरून गेला. त्याने वर पाहिलं नाही. पडावातून काळूरामने मात्र त्याला रामराम घातला. मोतीबिंदूतून तो त्याला कसा दिसला, कुणास ठाऊक.

हे मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या माघातलं. त्यानंतर गावात दोन येसाजी असले तरी चुकामूक होत नसे, कारण एक मऊ येसाजी होता. लग्नाचा भात शेजारच्या गावच्या अंबाजीकडे गेला. सत्याग्रहात गावची पोरं खाडीवर मीठ करायला निघाली तेव्हा येसाजीही उत्साहाने कढई घेऊन निघाला. त्याला बांधावरून परत पाठवण्यात आलं. "दादा, तू नको. तुज्या हातानं मीठ बी मऊ व्हईल," पोरं म्हणाली. तो परत आला. कढई धुऊन ठेवली.

बोलावणी अगदीच बंद झाली असं नाही. कुणी बाळंत झाली, कुणाला ताप आला, कुणाचे दात पडले, की निरोप यायचा, येसाजीदादाला म्हनावं मऊ भात करून जा. तो जायचा. करायचा. लोक खाऊन बरे व्हायचे आणि मग बाहेर भेटले की हसायचे.

लोक हसतात त्याची लाज एवढी मोठी नसते. ती पावसाळ्यात अंगावरच्या ओल्या कपड्यासारखी अंगावरच सुकते. येसाजीची लाज वेगळ्या ठिकाणी होती. पंगत उठल्यावर पत्रावळ्या उचलल्या तेव्हा त्यांवर सगळा भात तसाच होता. तो पाट्या भरभरून म्हशींपुढे गेला. मनुबाईने गोणीत घातलेला तो तिचा यंदाचा सगळा तांदूळ होता, आषाढापर्यंत पुरवायचा. ती आणि सदू त्या पावसाळ्यात काय खात होते, हे येसाजीला दिसत होतं, कारण घरं समोरासमोर होती. दाणा दाताखाली धरला तेव्हाच तिला बाजूला घेऊन, वहिनी, असं असं हाय, आपुन भाकरीची पंगत करू, असं सांगता आलं असतं. पण त्याला करामत करून दाखवायची होती. ती ज्याला दाखवायची तो बापही जिवंत नव्हता.

एकदा तो अंधुक उजाडताना मनुबाईच्या ओट्यावर पायली दोन पायली तांदूळ ठेवून आला. दिवस वर आल्यावर तो तांदूळ त्याच्या स्वतःच्या ओट्यावर होता. गोणीचं तोंड त्याच्यापेक्षा चांगलं बांधलेलं होतं.

रंगूने एकदाच विचारलं. दुपारी सुके बोंबील निवडत बसली होती.

"नवा होता ना?"

"कोन?"

"तांदूल."

"बोंबलाकडं बघ," येसाजी म्हणाला. रंगूने बोंबलाकडे पाहिलं, आणि पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती त्याला लोणी म्हणायची थांबली. ते त्याला जास्त लागलं.

मनुबाई समोर येऊ नये म्हणून येसाजीने शेतावर जायची वाट सोडली आणि लांबच्या, खाडीकडच्या बांधावरून जायला लागला. तिकडून कुणी जात नसे. पहिल्याच सकाळी समोरून मनुबाई आली. तिनेही त्याच्यासाठी वाट सोडली होती. बांध एका माणसाच्या रुंदीचा. दोघं थांबली. दोघांनी खाडीकडे पाहिलं, जणू काही तिथे आगबोट येणार होती. मग येसाजी चिखलात उतरला, ती पुढे गेली. दुसऱ्या दिवशी ती चुकवायला तो जुन्या वाटेने गेला, तीही गेली. एकमेकांना टाळण्यात त्यांचं इतकं जुळायचं की गावात दुसरं कुणी एकमेकांना एवढं भेटत नसेल. बोलणं मात्र वर्षानुवर्षं नाही.

खाचरं हळूहळू गोडी झाली. सदू मोठा झाला, मुंबईला गोदीत लागला, त्याचं लग्न ठरलं, तेही मनुबाईच्याच अंगणात. तांदूळ खरोखरच जुना होता. मनुबाईने तो दोन वर्षं राखला होता. रांधायला अंबाजी. आणि लग्नाच्या आधी मनुबाई अक्षता घेऊन येसाजीच्या अंगणात आली. येसाजी दारातच सुंभ वळत बसला होता. ती रंगूशी बोलली.

"भावजींना सांग, पयल्या पंगतीला बसायचं."

"सांगते," रंगू म्हणाली, आणि दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या नवऱ्याला तिने ते खरंच सांगितलं.

येसाजी आयुष्यात पंगतीला बसला नव्हता. रांधणारा शेवटी, उभ्या उभ्या जेवतो, टोपाची खरवड खरवडून. त्यामुळे सदूच्या लग्नात धुवट धोतर नेसून, मुलीकडच्या पाहुण्यांच्या शेजारी मांडी घालून बसला तेव्हा त्याला हातांचं काय करायचं ते समजेना. वाढपी जवळून गेला की तो उठायला बघायचा. शेजारचा त्याला खाली ओढायचा.

भात आला. अंबाजीचा भात चांगला होता. शितन् शीत सुटं, वाटण्या झालेल्या भावांसारखं.

"बघ, येसाजीदादा," समोरून दादू म्हणाला. दादू म्हणजे गावातला बोलका माणूस. "ह्याला भात म्हनतात!"

ओळीत हशा पिकला. मुलीच्या बापाला कळेना. "का? काय झालं व्हतं?"

"अरे, तुमाला ठावं न्हाय? ह्याच मांडवात, गोदूच्या लग्नात..." दादू सरसावून बसला. त्याने थप्प असा आवाज काढला. गोळा हातात धरून दाखवला. काळूरामची नक्कल केली. ती त्याला छान जमत असे, दर लग्नात करून करून. मुलीचा बाप हसता हसता ठसकला. येसाजीही थोडं हसला, बरं दिसावं म्हणून.

मनुबाई भाताचं पातेलं घेऊन ओळीतून वाढत येत होती. ती येसाजीच्या समोर येऊन थांबली. दादूने पुन्हा थप्प केलं.

"दादू, गप," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "त्या दिशीचा तांदूल..."

हसू थांबलं. मुलीच्या बापाने घास हातात धरून वर पाहिलं. त्याच्या मागे बायकांच्या ओळीत मुलीची आईही वळली. 

"त्या दिशी मी..."

"वहिनी, भात!" येसाजी ओरडला.

त्याला इतक्या मोठ्याने बोलताना गावाने कधी ऐकलं नव्हतं. चुलाण्याशी अंबाजीसुद्धा दचकला.

"पावन्याला पयल्या पंगतीला बसवायचं न् उपाशी ठेवायचं?" येसाजी म्हणाला. "हितं भात कुठं हाय?"

त्याच्या पत्रावळीवर भात होता. सगळ्यांना दिसत होता. मनुबाईने आधी भाताकडे पाहिलं, मग त्याच्या डोळ्यांकडे. मग ती वाकली आणि वाढायला लागली. एक उलथणं, दुसरं, तिसरं. पंगतीत अशा वेळी पुरे म्हणायचं असतं. येसाजीने म्हटलं नाही. तिला थांबता आलं नाही. पातेलं रिकामं झालं तेव्हा पत्रावळीच्या कडा दिसत नव्हत्या.

"दुकालातून आलाय जनू!" दादू म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला. मुलीचा बाप हसला, घास तोंडात घातला, आणि शेजाऱ्याला मुंबईतल्या गोदीचा पगार विचारायला लागला.

येसाजी जेवायला लागला.

सगळ्यांचं झाल्याशिवाय पंगत उठत नाही. बाकीच्यांचं झालं. त्यांचे हात पत्रावळीवर सुकले. दुसऱ्या पंगतीची माणसं मांडवाच्या दारात येऊन उभी राहिली, पोरं भुकेने किरकिरायला लागली. कुणी म्हणालं, दादा आटपा. कुणी म्हणालं, हितंच निजा आता. येसाजीने मान वर केली नाही. तो घाई न करता, घासामागून घास, जेवत राहिला. मनुबाई रिकामं पातेलं कमरेवर घेऊन समोर उभी होती. आतून तिला हाका येत होत्या. ती गेली नाही.

पत्रावळीच्या दुमडीत एक शीत राहिलं होतं. ते त्याने बोटाने टिपून तोंडात टाकलं. मग तो उठला, आणि त्याच्याबरोबर सगळी पंगत उठली.